बाँडब्रेकर : काँक्रीटवर ओतलेले काँक्रीट सुटे ठेवणारा लेप

चेन्नईच्या दक्षिणेकडील पेरुंबक्कम येथे प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागातून उभारलेल्या १,१५२ घरांचे उद्घाटन २६ मे २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. बांधकामाच्या नव्या पद्धती प्रत्यक्ष वापरून पाहण्यासाठी केंद्र सरकारने इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत लाईट हाऊस प्रकल्प हाती घेतले होते. प्रत्येक शहरासाठी निराळी पद्धत निवडण्यात आली. चेन्नईच्या वाट्याला पूर्वनिर्मित काँक्रीट आले. म्हणजे इमारतीचे भाग आधी ओतून तयार करायचे आणि नंतर क्रेनने उचलून जागेवर बसवायचे.

पूर्वनिर्मित बांधकामाची चर्चा होते ती बहुधा वेग, खर्च आणि सांध्यांची मजबुती यांवर. ओतलेला भाग साच्यातून किंवा खालच्या फरशीपासून सुटतो कसा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक काम अडते किंवा पार पडते ते बरेचदा याच टप्प्यावर. वड्या थापण्याआधी ताटाला तुपाचा हात फिरवतात, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे वडीचे वजन पंधरा-वीस टन असते आणि ती सुटली नाही तर ताटही वाया जाते.

साचा लोखंडी असेल तर तेलाचा हात पुरतो. लोखंड गुळगुळीत असते, पाणी शोषत नाही, आणि साच्याच्या बाजू उघडता येतात. खालचा पृष्ठभागही काँक्रीटचाच असेल तेव्हा प्रश्न अवघड होतो. घट्ट झालेल्या काँक्रीटला सूक्ष्म छिद्रे असतात. वर ओतलेल्या ओल्या मिश्रणातील सिमेंटचे पाणी त्या छिद्रांत शिरते, तेथेच घट्ट होते आणि दोन्ही थर एकजीव होऊ पाहतात. हे होऊ न देणाऱ्या लेपाला बांधकामाच्या भाषेत बाँडब्रेकर म्हणतात. दुरुस्तीच्या कामात अभियंत्यांची तक्रार नेमकी उलटी असते: जुन्या काँक्रीटला नवे काँक्रीट चिकटत नाही म्हणून त्यांना पृष्ठभाग खरवडावा लागतो, वेगळी रसायने लावावी लागतात. पण हवी तेथे न मिळणारी ही पकड, नको तेथे अगदी सहज मिळते.

जमिनीवर ओतायच्या, मग उभ्या करायच्या

बाँडब्रेकरची खरी कसोटी टिल्ट-अप पद्धतीत लागते. या पद्धतीत प्रथम इमारतीचीच जमीन, म्हणजे तळमजल्याची काँक्रीटची फरशी, तयार करून घोटून गुळगुळीत केली जाते. तिच्यावर चारही बाजूंनी फळ्या लावून भिंतीच्या आकाराची चौकट आखतात, दारे-खिडक्यांच्या जागा मोकळ्या सोडतात, सळयांची जाळी आणि उचलण्यासाठीचे लोखंडी आकडे बसवतात आणि आडवी भिंत ओततात. काँक्रीटला पुरेशी ताकद आली की क्रेन वरच्या कडेकडील आकड्यांना धरून ती हळूहळू उचलते. खालची कड जमिनीवर टेकलेली असताना भिंत तिरपी होत होत उभी राहते. तिला तिरकस टेके देऊन स्थिर केले जाते, आणि छत चढून सारी इमारत एकसंध होईपर्यंत टेके काढले जात नाहीत.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील रॉबर्ट एकेन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिरप्या करता येणाऱ्या मंचावर भिंती ओतून त्या उभ्या करण्याची पद्धत वापरली. कॅलिफोर्नियातील वास्तुशिल्पी अर्व्हिंग गिल यांनी ती आपल्या कामात आणली. ला होया येथील महिला मंडळाची १९१४ मध्ये पूर्ण झालेली इमारत त्यांपैकी एक. रुडॉल्फ शिंडलर यांनी लॉस एंजेलिसजवळ १९२२ मध्ये बांधलेल्या स्वतःच्या घराच्या भिंतीही फरशीवर ओतून उभ्या केल्या होत्या. परंतु पद्धतीचा खरा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. फिरत्या क्रेन आणि तयार मिश्रण आणून देणारे ट्रक सर्वत्र मिळू लागल्यावर गोदामे, कारखाने आणि बाजारपेठांच्या इमारतींसाठी अमेरिकेत ही पद्धत सर्वसामान्य झाली. सुरुवातीच्या काळात दोन थरांमध्ये कागद, वाळूचा पातळ थर, साबण, मेण किंवा तेल वापरून पाहिले जात असे. यथावकाश फवारता येणारी खास रसायने आली.

भारतात टिल्ट-अप इमारती अजूनही विरळा आहेत. श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडम या चेन्नईलगतच्या औद्योगिक पट्ट्यांत मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने व विस्तीर्ण गोदामे आहेत; लांबच लांब, बिनखिडक्यांच्या भिंती हव्या असणाऱ्या या इमारती पद्धतीला अगदी साजेशा. तरीही आपल्याकडे अशा ठिकाणी लोखंडी सांगाडा, पत्रे आणि ठोकळ्यांचे बांधकाम हाच रिवाज आहे. पूर्वनिर्मित काँक्रीट वापरले तरी ते यार्डातल्या लोखंडी टेबलांवर ओतून गाडीने आणले जाते. भारतीय मानक १५९१६ हे पूर्वनिर्मित काँक्रीटच्या इमारतींची रचना आणि उभारणी यांसाठी आहे, तर मोठ्या पूर्वनिर्मित तावदानांच्या बांधकामासाठी भारतीय मानक ११४४७ हे १९८५ पासून उपलब्ध आहे. चेन्नईच्या तरमणी भागात वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र आहे आणि मद्रास आयआयटीही याच शहरात आहे. तेव्हा ज्ञानाची वाण नाही. सवय आणि हिशेब यांचा प्रश्न आहे.

पातळ थराचा हिशेब

आठ मीटर लांब, सहा मीटर उंच आणि दीडशे मिलिमीटर जाड अशी एक भिंत घेऊ. तिचे आकारमान ७.२ घनमीटर भरते. सळयांसह काँक्रीटचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन धरले, तर भिंतीचे वजन १८ टन होते. हे वजन क्रेनच्या निवडीत धरलेलेच असते. आता समजा, लेप नीट बसला नाही आणि खालच्या फरशीशी दर चौरस मिलिमीटरला केवळ ०.१ न्यूटन इतकी पकड राहिली. चांगल्या काँक्रीटच्या स्वतःच्या ताण सोसण्याच्या शक्तीपुढे ही पकड नगण्य म्हणावी अशी. परंतु ४८ चौरस मीटरच्या साऱ्या क्षेत्रफळावर तिची बेरीज ४८० टनांच्या वजनाइतकी होते. भिंत एका कडेने उचलली जात असल्याने ही पकड एकदम नव्हे, तर सोलल्यासारखी क्रमाक्रमाने सुटत जाते, म्हणूनच काम होऊ शकते. तथापि मधेच एखादा पट्टा चिकटलेला राहिला, तर क्रेनची ओढ आणि त्या पट्ट्याची पकड यांच्यामध्ये भिंत वाकते. काँक्रीट दाब उत्तम सोसते, वाकणे नाही. तडा जातो तो येथेच.

यात हवेच्या दाबाची भर पडते. समुद्रसपाटीला हवा दर चौरस मीटरवर सुमारे दहा टनांच्या वजनाइतका दाब देते. गुळगुळीत फरशीवर तितकीच गुळगुळीत भिंत बसलेली असते, मधे हवेला जागा नसते. उचलताना मधल्या फटीत हवा वेळेवर शिरली नाही तर ओढ निर्माण होते. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सरळ वर उचलून पाहणाऱ्याला ही ओढ ठाऊक असते. म्हणून क्रेनचालकाला प्रथम फक्त ताण देऊन थांबण्यास सांगतात, वरच्या कडेखाली पाचरी सरकवतात आणि हवा आत जाऊ देतात. लेप ही चिकटण्यावरची तोड आहे. हवेच्या ओढीवर तो एकटा पुरत नाही, आणि उचलण्याच्या घाईवर तर मुळीच नाही.

लेपाची जाडी पाहिली की नवल वाटते. उत्पादन आणि फरशीचा पोत यांनुसार एक लिटर रसायन साधारणपणे पाच ते बारा चौरस मीटरना पुरते. दहा चौरस मीटरचा हिशेब केला, तर ओल्या थराची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग येते, आणि पाणी किंवा द्रावक उडून गेल्यावर उरणारा थर त्याहूनही पातळ असतो. अठरा टनांची भिंत सुटी राहणार की नाही, हे त्याच्यावर ठरते.

साबणाची आठवण

ही रसायने स्थूलमानाने दोन जातींची असतात. एक जात आवरण धरणारी: मेण किंवा राळेसारख्या पदार्थांचे पातळ पटल फरशीवर तयार होते, छिद्रे झाकली जातात आणि नव्या काँक्रीटचे पाणी खाली शिरत नाही. दुसरी जात रासायनिक क्रियेने काम करणारी. तिच्यातील स्निग्धाम्ले काँक्रीटमधील मोकळ्या चुन्याशी संयोग पावतात आणि पाण्यात न विरघळणारा साबण तेथल्या तेथे तयार होतो. कपड्याच्या साबणाचा पाण्याने फेस होतो, हा मात्र चुन्याचा साबण असल्याने पाण्याला दूर ठेवतो. विहिरीच्या जड पाण्यात साबण फाटून पांढरा साका उरतो, तो साधारण याच कुळातला.

आपल्याकडे साबणाचा हा उपयोग नवा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांत शटरिंगच्या फळ्यांना पिवळा साबण रंगाइतका दाट होईल असा पाण्यात विरघळवून लावण्याची पद्धत सांगितलेली आहे. लोखंडी शटरिंगला कच्चे जवसाचे तेल किंवा मान्यताप्राप्त साचा-तेल चालते. हे द्रव्य सळयांना आणि सांध्याच्या पृष्ठभागाला लागू देऊ नये, अशी ताकीदही तेथे आहे. प्रत्यक्षात अनेक बांधकामांवर गाड्यांचे काढून टाकलेले जळके ऑइल फासलेले दिसते, कारण ते फुकटात किंवा नाममात्र दरात मिळते. लाकडी फळीवर त्याने एक वेळ भागत असेल, पण डाग पडतात, काँक्रीटचा पृष्ठभाग पोचट होतो आणि मागाहून रंग धरत नाही. फरशीवर भिंत ओतताना तर त्याचा विचारही करू नये. छिद्राळ काँक्रीट ते पिऊन टाकते, काही जागी कोरडे राहते, काही जागी साचते, आणि एकसारखे पटल तयार होतच नाही.

फरशीपासून सुरुवात

लेप कितीही चांगला असला तरी खडबडीत फरशी त्याला तारू शकत नाही. पॉवर ट्रॉवेलने घट्ट घोटलेली, तुकतुकीत फरशी ही पहिली अट. फरशीतील सांधे, खांबांसाठी सोडलेल्या जागा, नळांची भोके आणि चिरा आधी भरून सपाट कराव्या लागतात. त्यांत ओले सिमेंट शिरले तर ते खिळ्यासारखे रुतून बसते, आणि रसायनाचे कोणतेही पटल अशी अडकण सोडवू शकत नाही.

पहिला हात फरशी ओतल्याच्याच दिवशी, घोटाई संपून वरचे पाणी दिसेनासे झाल्यावर मारतात. तो फरशीतील ओल टिकवून ठेवण्याचेही काम करतो. मात्र बाँडब्रेकर आणि क्युरिंगसाठी वापरलेले रसायन यांचे एकमेकांशी जमले पाहिजे. एका उत्पादकाचे क्युरिंगचे रसायन आणि दुसऱ्याचा बाँडब्रेकर असे मिश्रण चाचणीशिवाय वापरणे धोक्याचे असते. पुढचे हात फळ्यांची चौकट बसल्यावर, पण सळया मांडण्याआधी देतात. हा क्रम मोडता येत नाही. सळया मांडल्यावर फवारणी केली तर लेप सळयांनाही लागतो, आणि काँक्रीटने सळईला धरून ठेवणे हा तर आरसीसी बांधकामाचा पायाच आहे. ज्या सळईवर लेप उडाला असेल ती पुसून स्वच्छ करावी लागते किंवा बदलावी लागते.

फवारा एका दिशेने मारून झाला की दुसरा हात त्याला आडवा मारतात, म्हणजे पट्ट्यांमध्ये सुटलेली जागा झाकली जाते. थर साचू देऊ नये, कारण डबके राहिले तर त्यावरच्या काँक्रीटचा पृष्ठभाग नीट घट्ट होत नाही, भुरभुरीत राहतो आणि डागाळतो. जास्त लावले म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत म्हणून चुकीची आहे.

लेप झाला की नाही, हे तपासण्याची रीत साधी आहे. फरशीवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब शिंपडायचे. अळूच्या पानावरच्यासारखे ते गोल राहिले तर पटल धरले आहे. थेंब पसरून फरशी काळसर ओली झाली तर तेथे पुन्हा फवारणी हवी. जाणते पर्यवेक्षक नखाने ओरखडूनही पाहतात. कडा, कोपरे आणि फळ्यांच्या लगतच्या पट्ट्या येथे हमखास उणीव निघते, कारण फवाऱ्याचा हात तेथवर पुरत नाही.

पुढे ओतकामाच्या वेळीही जपावे लागते. पंपाच्या नळीतून येणारा झोत थेट फरशीवर सोडला तर लेप खरवडला जातो, म्हणून काँक्रीट आधी ओतलेल्या काँक्रीटवर टाकून पुढे सारतात. व्हायब्रेटरचे टोक खालच्या फरशीला टेकू देत नाहीत. आणि सळया बांधणाऱ्यांच्या बुटांना चिकटून आलेली माती, तारेचे तुकडे, लाकडाचा भुसा हे सारे ओतण्यापूर्वी हवेच्या झोताने उडवून टाकतात; जे राहील ते भिंतीच्या दर्शनी बाजूवर कायमचे उमटते.

चेन्नईची हवा

महाराष्ट्रातील वाचकाला पावसाळा म्हटला की जून ते सप्टेंबर आठवतो. चेन्नईत गणित निराळे आहे. तेथे वर्षभरात सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या म्हणजे ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. कोकणात भात कापणीला येतो तेव्हा चेन्नईत ढग दाटू लागतात. १ आणि २ डिसेंबर २०१५ दरम्यानच्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. डिसेंबर २०२३ मध्ये मिचौंग चक्रीवादळाने पुन्हा तसेच दिवस दाखवले.

असा पूर सर्वच बांधकामांना थांबवतो. लेपाचा खरा शत्रू असतो तो संध्याकाळी येऊन अर्ध्या तासात जाणारा सडाका. फवारलेले पटल वाळण्याआधी पाऊस आला तर ते वाहून जाते, आणि पाण्यात मिसळणारी रसायने अधिकच लवकर. वाळल्यानंतर आलेला पाऊस फारसे बिघडवत नाही, पण साचलेले पाणी काढून टाकणे आणि थेंबांची चाचणी पुन्हा घेणे आवश्यक ठरते. पेच पडतो तो सळयांची जाळी बांधून झाल्यावर. चाचणीत फरशी पाणी पिऊ लागल्याचे दिसले, तर जाळी उचलून बाजूला घेणे, पुन्हा फवारणी, वाळण्याची वाट, आणि पुन्हा जाळी, म्हणजे किमान एक दिवस गेला. क्रेनचे भाडे ठरलेले, काँक्रीटच्या गाड्या निघालेल्या, अशा वेळी 'चालून जाईल' म्हणण्याचा मोह अनावर होतो. पुढे उचलण्याच्या दिवशी भिंत अडते तिचे मूळ बहुधा अशाच एखाद्या संध्याकाळी असते. म्हणून फवारणी आणि ओतकाम यांच्यातील अंतर कमीत कमी ठेवणे, आणि ऑक्टोबरनंतर एका वेळी फरशीचा लहान भागच हाती घेणे हे शहाणपणाचे.

उन्हाळ्याचे दुखणे वेगळे. ३१ मे २००३ रोजी चेन्नईच्या नुंगंबक्कम वेधशाळेत तापमान ४५ अंश सेल्सियसवर गेले होते. अशा उन्हात उघडी फरशी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. फवारलेले द्रव पसरून एकजीव होण्याआधीच वाळते आणि पटलात सूक्ष्म छिद्रे राहतात. राळेच्या जातीचे पटल कडक उन्हात दिवसेंदिवस उघडे राहिले तर त्याची भुकटी होऊ लागते. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा फवारा उडवून नेतो आणि धूळ आणून ठेवतो. म्हणून काम पहाटे, वारा पडलेला असताना करणे बरे. ओतण्याआधी तापलेल्या फरशीवर पाणी मारून ती थंड करतात, मात्र डबकी पुसून घेतात. उष्ण हवामानातील काँक्रीटकामासाठी भारतीय मानक ७८६१ चा पहिला भाग आहे, आणि तो चेन्नईत वर्षातील बरेच महिने हाताशी ठेवावा असा आहे. ओतलेल्या भिंतीला पाणी मारण्याची मुदत भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी दहा दिवस आहे. दक्षिणेत राखमिश्रित सिमेंटचा वापर मोठा असल्याने दुसरा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

फवारणी करणाऱ्या कामगारांचाही विचार येथे केला पाहिजे. द्रावकांत विरघळवलेली रसायने ज्वालाग्राही असतात आणि त्यांची वाफ छातीत जाते. उकाड्यात तोंडाला मुखवटा आणि हातात मोजे नकोसे वाटतात, हे खरे. पाण्यात मिसळणारी उत्पादने आता मिळतात आणि त्यांचा धोका कमी आहे, परंतु वर सांगितल्याप्रमाणे वाळेपर्यंत ती पावसाला भितात. निवड करताना हंगाम पाहावा लागतो तो असा.

उचलण्याचा दिवस

भिंतीच्या काँक्रीटला उचलण्याइतकी ताकद आली की नाही हे दिवस मोजून नव्हे, तर त्याच मिश्रणाचे नमुने तोडून ठरवतात. भिंत आडवी असताना, उचलण्याच्या पहिल्या काही क्षणांतच तिला सर्वाधिक वाकावे लागते. त्यात पकडीची भर पडली तर आकडाच काँक्रीटमधून उपटून येऊ शकतो, आणि साखळ्यांतील ताण एकाएकी सुटतो. म्हणून भिंत पूर्ण उभी राहून टेके बसेपर्यंत तिच्या पडण्याच्या टापूत कोणीही उभे राहू नये, हा नियम सर्वत्र आहे. अडलेली भिंत क्रेनच्या जोरावर ओढून काढण्याचा प्रयत्न सर्वांत घातक. ताण सोडावा, कडेने पाचरी ठोकाव्यात, कोठे चिकटले आहे ते शोधावे आणि मग पुन्हा हळूहळू ताण द्यावा. एक भिंत उचलायला नेहमीपेक्षा तासभर अधिक लागला तरी तो नुकसानीत धरत नाहीत.

मेट्रोच्या पुलांमधले भावंड

चेन्नईत टिल्ट-अप विरळा असले, तरी काँक्रीटला काँक्रीट चिकटू न देण्याची हीच विद्या पूल बांधणाऱ्यांना परिचित आहे. चेन्नई मेट्रोचा कोयंबेडू ते आलंदूर हा पहिला टप्पा २९ जून २०१५ रोजी सुरू झाला. तो उन्नत मार्ग यार्डात ओतलेले पोकळ पेटीच्या आकाराचे खंड खांबांवर जोडून उभारलेला आहे. अशा खंडांच्या बांधणीत रूढ असलेली रीत अशी, की दुसरा खंड ओतताना आधीच्या खंडाचे तोंड हेच त्याच्या साच्याची एक बाजू म्हणून वापरायचे. त्यामुळे दोन्ही तोंडे खाचाखोचांसह एकमेकांत तंतोतंत बसतात. पॅरिसजवळ सीन नदीवरील श्वाझी-ल-र्वा येथील १९६० च्या दशकातील पुलाने या पद्धतीला नाव मिळवून दिले. मुंबईकरांच्या ओळखीचा, ३० जून २००९ रोजी उद्घाटन झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतूही पूर्वनिर्मित खंडांचाच आहे.

येथे पहिल्या खंडाच्या तोंडावर बाँडब्रेकर लावला नाही तर दोन्ही खंड कायमचे एक होतील. परदेशी कामांत यासाठी साबण आणि शंखजिऱ्याची भुकटी यांचे मिश्रण वापरत आले आहेत. परंतु टिल्ट-अपपेक्षा येथली गोष्ट एक पाऊल पुढे जाते. यार्डात मुद्दाम सुटी ठेवलेली तोंडे पुलावर इपॉक्सीने चिकटवायची असतात. लेपाचा अंश उरला तर इपॉक्सीही धरणार नाही, सांध्यातून पाणी झिरपेल आणि आतल्या पोलादी तारांना गंज लागेल. म्हणून खंड उचलण्यापूर्वी दोन्ही तोंडे वाळूच्या झोताने किंवा तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करतात. चेन्नईच्या उकाड्यात इपॉक्सी लवकर घट्ट होते, तेव्हा सफाई राहून गेल्याचे जोडणीच्या वेळी लक्षात आले तर सुधारायला अवधी उरत नाही. सफाईचे काम यार्डातच उरकावे लागते.

मागे उरते ते

इमारतीच्या भिंतींबाबतही लेप काढून टाकण्याचा प्रश्न येतो, फक्त तो तितका निकडीचा वाटत नाही म्हणून मागे पडतो. उभ्या भिंतीच्या फरशीकडील बाजूवर रसायनाचे पटल काही प्रमाणात येतेच. काही उत्पादने ऊन-वाऱ्यात विरून जातात, काहींना गरम पाणी आणि साबणाने धुवावे लागते, काहींना हलका वाळूचा झोत लागतो. रंगारी येण्यापूर्वी तीच थेंबांची चाचणी घेतात, पण आता उत्तर उलटे हवे असते: भिंतीने पाणी शोषले पाहिजे.

जमिनीचीही तीच गत. गोदामाच्या फरशीवर पुढे कठीणपणा आणणारे द्रव्य, इपॉक्सीचा रंग किंवा टाइल बसवायच्या असतात, आणि त्यांपैकी कोणतेही काम मेणचट पृष्ठभागावर टिकत नाही. फरशीचा कंत्राटदार भिंतींच्या कंत्राटदारापेक्षा बहुधा वेगळा असतो व काही महिन्यांनी येतो. कोणते रसायन, किती हातांनी आणि फरशीच्या कोणत्या भागावर मारले होते याची नोंद त्याच्या हाती पडली नाही, तर तो आपल्या अंदाजाने घासाई करतो आणि त्याचा रंग पहिल्या पावसाळ्यानंतर पोपड्यांनी निघू लागतो. डब्यावरचे नाव, घाण क्रमांक आणि फवारणीची तारीख भिंतींच्या आराखड्यावरच लिहून ठेवण्याची पद्धत काही कामांवर पाळली जाते.